काचेतलं लेकरू आणि बाहेरचे हात

दारातल्या बेसिनपाशी सिस्टरनं मला थांबवलं. "मॅडम, घड्याळ काढा. अंगठीपण. आणि तो दोरा कापावा लागेल." तुळजापूरहून आणलेला दोरा वर्षभर मनगटावर होता. त्यांनी कात्री पुढे केली. बाह्या कोपराच्या वर गेल्या. मग साबण. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, मनगटं. मी उरकलं तेव्हा त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. "पंचवीस सेकंद झाले. परत." दुसऱ्यांदा वेळ पुरला, पण नळ कोपरानं बंद करायचा तो मी सवयीनं तळव्यानं केला. "परत," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. तिसऱ्यांदा धुतलेले हात कुठं टेकू नयेत म्हणून छातीपुढे धरून मी आत गेले.

लातूर जिल्ह्यातला हा सरकारी नवजात शिशू कक्ष. सगळे याला ‘एसएनसीयू’ म्हणतात आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं ‘काच’ म्हणतात. "लेकराला काचेत ठेवलंय" हे वाक्य मराठवाड्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या जिन्यात ऐकू येतं. आत बघितलं तर काचेच्या पेट्या फारशा नाहीतच. उघडे वॉर्मर आहेत, वरून ऊब देणारे. बाळ उघड्या पाळण्यात आणि सभोवती सगळी दुनिया.

कोपऱ्यातल्या वॉर्मरवर अकराशे ऐंशी ग्रॅमचं एक बाळ होतं, तिसाव्या आठवड्यात आलेलं. निलंगा तालुक्यातली त्याची आई भिंतीला टेकून हात पाठीमागं धरून उभी होती. "हात लाव की," मी म्हणाले. तिनं मान हलवली. "माझ्या हातानं काय झालं म्हंजे?"

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘हात’ असा कळवला तेव्हा विणकर, कुंभार, तबलजी अशी नावं मनात आली होती. पण वहीत पहिला शब्द लिहिला तो ‘नांदेड’.

विष्णुपुरीतले दोन दिवस

नांदेड शहराबाहेर विष्णुपुरीला, लातूरकडून येताना गोदावरीच्या अलीकडे, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. किनवट, माहूर, देगलूर, मुखेड, शेजारचा हिंगोली जिल्हा, यवतमाळचं उमरखेड, तेलंगणातली सरहद्दीची गावं, सगळीकडचा पेशंट शेवटी इथं येतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत इथं २४ माणसं गेली. त्यांत १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आणखी सात मृत्यू झाले. अठ्ठेचाळीस तासांचा आकडा ३१ झाला आणि त्यातली मुलं १६.

त्या दिवसांच्या बातम्यांत दोन गोष्टी ठळक होत्या. औषधं बाहेरून आणायला लागत होती, हे नातेवाइकांचं म्हणणं. आणि नवजात अतिदक्षता कक्षाची क्षमता २४ असताना तिथं साठाहून अधिक बाळं होती, हे दुसरं. बरीच बाळं कमी वजनाची, कमी दिवसांची होती आणि खासगी दवाखान्यांतून अखेरच्या घटकेला आणलेली होती, असं रुग्णालय आणि सरकार सांगत होतं. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

३ ऑक्टोबरला आणखी एक दृश्य सगळ्यांनी पाहिलं. हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील रुग्णालयात आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. खासदारांवर गुन्हा दाखल झाला, डॉक्टरांच्या संघटनांनी निषेध केला. मला त्या दृश्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एका ज्येष्ठ डॉक्टरचा तो जाहीर अपमान होताच. पण त्याहून वाईट असं की त्यानं अख्ख्या महाराष्ट्राची नजर चुकीच्या ठिकाणी नेली. घाण म्हणजे संडास, असं आपण धरून चालतो. संडास स्वच्छ असायलाच हवा, त्यात वाद नाही. पण हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाला गाठणारा जंतू शोधायचा तर बेसिनच्या जाळीत बघावं लागतं, ऑक्सिजनच्या पाण्याच्या बाटलीत बघावं लागतं, दोन वॉर्मरमधल्या फुटाभराच्या फटीत बघावं लागतं. आणि तिथं कॅमेरा नेला तर बाहेरच्या माणसाला सगळं लखलखीतच दिसतं.

त्या बारा बाळांतलं कोणतं जंतुसंसर्गानं गेलं आणि कोणतं श्वास कोंडून, हे मी इथं बसून ठरवणार नाही. पण एका बाळाच्या जागेत दोन-तीन बाळं ठेवली की पुढे काय होतं, ते लातूर-नांदेडमधल्या ज्या ज्या सिस्टरशी बोलले तिनं मला जवळपास एकाच शब्दांत सांगितलं : "मग आमचे हात पुरत नाहीत."

चहाच्या कपाएवढं रक्त

कमी दिवसांचं बाळ म्हणजे नऊ महिन्यांच्या बाळाची लहान आवृत्ती, असं वाटत असेल तर एकदा त्याच्या पोटऱ्यांकडे बघावं. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा निळ्या रेघांसारख्या दिसतात. चिकटपट्टी ओढून काढली तर कातडीचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो. कातडी म्हणजे शरीराचं कुंपण. ते या बाळांत उभं राहायलाच जन्मानंतर दोनेक आठवडे जातात. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्याची शिदोरी अर्धवटच भरलेली असते. ही अर्धवट शिदोरी घेऊन आलेली बाळं थोडीथोडकी नाहीत. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं मुदतीआधी जन्माला आली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आणि अशा बाळाला जगवायचं तर कुंपणाला आपणच भोकं पाडतो. शिरेत सुई, बेंबीतून कॅथेटर, नाकातून पोटात दुधाची नळी, श्वास घेत नसेल तर घशात नळी. यातली एकही टाळता येत नाही. प्रत्येक नळी ही बाहेरून आत जाणारी एक पायवाट असते. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला जंतू चिकट थर करून बसतात आणि त्या थराखाली औषध पोचत नाही.

मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, थंडी वाजते. या बाळाचं उलटं असतं. अंग गार पडतं. काल पचवलेलं दूध आज नळीतून हिरवट होऊन परत येतं. पोट तट्ट होतं. मध्येच पंधरा-वीस सेकंद श्वास घ्यायचंच विसरतं. एका सिस्टरनं सांगितलेली खूण कुठल्या पुस्तकात सापडणार नाही : "काल डायपर बदलताना पाय झाडत होतं, आज झाडत नाही. तेवढं दिसलं की मी डॉक्टरांना हाक मारते."

मग रक्त काढतात. अकराशे ऐंशी ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम शंभर मिलिलिटर, टपरीवरच्या चहाच्या एका कपाएवढं. त्यातलं एक मिलिलिटर कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, हवं. एक मिलिलिटर म्हणजे वीस थेंब. पण आपल्या अंगातल्या रक्ताच्या हिशोबानं बघितलं तर कुणी आपलं पन्नास मिलिलिटर रक्त एका दमात काढावं, तसं ते होतं. सिस्टर सिरिंज धरतात आणि डॉक्टर शीर शोधतात. पाच-पाच मिनिटं कुणी बोलत नाही. त्या वेळी मी तिथं उभी होते. बाळाचा आवाज येत नव्हता, फक्त तोंड उघडलेलं होतं.

कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. बाळ तेवढं थांबत नाही. म्हणून औषध आधी सुरू होतं, अंदाजानं. आणि इथून खरी अडचण सुरू होते.

जंतूंचं बिऱ्हाड

पाठ्यपुस्तकात नवजात बाळांच्या संसर्गाचे दोन खाने असतात. पहिल्या ७२ तासांतला संसर्ग आईकडून आलेला, त्यानंतरचा दवाखान्यातला. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांनी २०११ ते २०१४ मध्ये १३,५३० आजारी बाळांचा मागोवा घेतला तेव्हा हा हिशोब चुकला. सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग, १४.३ टक्के बाळांना झाला आणि त्यातले जवळपास दोनतृतीयांश प्रसंग पहिल्या ७२ तासांतच घडले. जंतू मात्र आईकडचे वाटावेत असे नव्हतेच. सगळ्यांत वर अ‍ॅसिनेटोबॅक्टर, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या ८२ टक्के नमुन्यांवर अनेक गटांची औषधं एकदम निकामी ठरली. याचा सरळ अर्थ असा की दवाखान्यातला जंतू बाळाला प्रसूतिगृहातच, पहिल्या तासांत गाठतो. आल्या आल्या पहिला हात कुणाचा लागला, बाळ कशात गुंडाळलं, नाकातोंडातला चिकटा कोणत्या नळीनं ओढला, त्यावर ते ठरतं.

या जंतूंची बिऱ्हाडं वेगवेगळी असतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टरला कोरडं चालतं. वॉर्मरच्या दांडीवर, मॉनिटरच्या बटणावर, फायलीच्या कव्हरवर तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास ओलाव्यातले. बेसिनचं भोक, ओलं फडकं, ऑक्सिजन ज्या पाण्यातून बुडबुडत येतो ती बाटली. ते पाणी रोज बदलायचं, बाटली उकळायची किंवा औषधात बुडवायची, आणि भरायचं ते निर्जंतुक पाणी. हे तिन्ही नियम भिंतीवर लिहिलेले असतात. रात्रपाळीत एकटी सिस्टर आणि एकटी मावशी असताना पहिला नियम पाळला जातो, दुसरा कधी कधी, आणि तिसऱ्याला स्टोअरमध्ये बाटली शिल्लक असावी लागते. सलाइनचंही तसंच. उघडलेल्या बाटलीवर वेळ लिहायची आणि तिच्यातून चार बाळांसाठी औषध कालवायचं नाही. पण चार बाळांसाठी चार बाटल्या मंजूर झालेल्या असाव्या लागतात.

औषधांच्या पायऱ्या असतात. अ‍ॅम्पिसिलिन आणि जेंटामायसिन ही पहिली. चालली नाहीत तर वरची, मग मेरोपेनेम, मग कोलिस्टिन, आणि त्याच्यापुढे फारसं काही उरत नाही. तालुक्याच्या गावातून येणारं बाळ कधी कधी मधल्या पायरीवरच सुरुवात करून येतं. कोणतं औषध, किती दिवस, हे चिठ्ठीवर नसतं. बापाच्या खिशात रिकाम्या इंजेक्शनच्या बाटल्या असतात, त्या तो डॉक्टरांपुढे टेबलावर मांडतो. एक तरुण बाप उदगीरकडून आला होता. तीन बाटल्या रुमालात बांधून आणल्या होत्या. "हे दिलंय सर. अन् एक फुटली गाडीत." त्या बाटल्यांवरून डॉक्टरांनी बाळाचा इतिहास लिहून काढला.

आईच्या पोटासारखी सुरक्षित अ‍ॅम्ब्युलन्स दुसरी नाही, असं बालरोगतज्ज्ञ म्हणतात. कमी दिवसांचं बाळंतपण होणार हे दिसत असेल तर बाईलाच आधी मोठ्या रुग्णालयात हलवायचं. घडतं उलटं. बाळंतपण जवळच्या दवाखान्यात होतं आणि मग बाळ टॉवेलात गुंडाळून निघतं. वाटेत गार पडतं, हाताहातांतून जातं. आजी, मामा, ड्रायव्हर, रिसेप्शनवरचा मुलगा. जिथं पोचतं तिथं जागा नसते आणि सरकारी दवाखान्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. २४ च्या जागी साठ होतात ती अशी.

चोवीस मिनिटांचा हिशोब

हात धुण्याबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते शिस्तीच्या भाषेत. कर्मचारी निष्काळजी, सिस्टर लक्ष देत नाहीत. मी एका पाळीला वही घेऊन बसले आणि साधा हिशोब मांडला. एका बाळाला तासाला किमान तीन वेळा तरी हात लावावा लागतो : दूध, डायपर, सलाइनचा पंप, सरकलेली प्रोब, रडणं. एका सिस्टरकडे आठ बाळं असतील तर तासाला चोवीस वेळा. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर, म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा हात निर्जंतुक करायचे. सॅनिटायझर नीट चोळायला अर्धा मिनिट. झाली चोवीस मिनिटं. तासातली चोवीस मिनिटं फक्त हातांना. उरलेल्या छत्तीस मिनिटांत आठ बाळांचं दूध, औषधं, नोंदी, बाहेरच्या नातेवाइकांचे प्रश्न. हेच तीन बाळं असतील तर हातांना नऊ मिनिटं लागतात, आणि ती मिळतात. एका सिस्टरकडे तीन-चार बाळं, हे प्रमाण सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आहे. आठ बाळांवाली सिस्टर हात धुवायला चुकते तेव्हा चूक तिच्या हातून होते, पण केलेली असते रिक्त पदं न भरणाऱ्यांनी. मला यात दुसरी बाजू दिसत नाही.

आणि पाणी? लातूरमध्ये हा प्रश्न विचारताना आवाज आपोआप खाली येतो. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे या गावात आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात इथल्या दवाखान्यांनी पाणी कसं मोजून वापरलं, हे जुन्या सिस्टर अजून सांगतात. बादलीतल्या मगानं हातावर पाणी घालायला एकीनं उभं राहायचं. साठवलेलं पाणी ही आणखी एक अडचण, कारण गच्चीवरच्या टाकीचा तळ हे ओलाव्यातल्या जंतूंचं आवडतं ठिकाण.

पाण्यावाचून हात निर्जंतुक करण्याचा मार्ग जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिये पिते यांनी १९९०च्या दशकात रुळवला. बेसिनपर्यंत जायला लावू नका, बाटलीच खाटेपाशी लावा, इतकी साधी कल्पना. तिथं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयातले संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. ६६ टक्के, म्हणजे स्वित्झर्लंडमध्येही तीनातला एक हात तसाच राहिला, तरी एवढा फरक पडला. त्या द्रवात असतं काय? मद्यार्क, थोडं ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या साखर कारखान्यांच्या या प्रदेशाला तो परका नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी सॅनिटायझर बनवलंही. वॉर्मरच्या दांडीला अडकवलेली बाटली रिकामी असण्याचं एकही सबळ कारण मराठवाड्याकडे नाही.

मावश्यांबद्दल लिहायलाच हवं. फरशी पुसणाऱ्या, बेसिन घासणाऱ्या, कपडे ऑटोक्लेव्हला नेणाऱ्या या बाया बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणतात आणि प्रशिक्षणाला बोलवत नाहीत. एका मावशीनं मला तिची तीन फडकी दाखवली. एक वॉर्मरचं, एक ट्रॉलीचं, एक बेसिनचं. कडेला वेगवेगळ्या रंगाचा दोरा तिनं स्वतः घातला होता. "येकाच फडक्यानं पुसलं तर घाण हिकडची तिकडं व्हतीय की ओ. मला कुणी सांगितलं न्हाई, मलाच कळलं." संसर्गनियंत्रणाचा अख्खा धडा त्या तीन टाक्यांत होता.

आईला आत घ्या

लातूरच्या त्या कक्षात दुपारी एक नवल पाहिलं. पलीकडच्या खोलीत चार खुर्च्या, जरा मागे कललेल्या. चार बायका बाळांना छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून कापड गुंडाळून बसलेल्या. कांगारू मदर केअर. १९७८ मध्ये बोगोटाच्या डॉ. एद्गार रे यांनी हे सुरू केलं ते काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून. एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागत होती आणि संसर्गानं जात होती. नांदेडच्या वाचकाला ही गोष्ट लांबची वाटू नये.

आपल्याकडची शहाणीव जुनी आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि पावडरचं दूध बंद केलं, आयांना कक्षात घेतलं, आणि १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा संसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन टोचायला शिकवलं. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अहवाल आला तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मग २०२१ मध्ये आला तो पाच देशांतला अभ्यास, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आलं. सेप्सिसही कमी झाला.

कारण गुंतागुंतीचं नाही. आईच्या कातडीवरचे जंतू घरचे असतात, साध्या औषधानं मरणारे, आणि बाळाच्या अंगावर तेच आधी वस्तीला आले तर दवाखान्यातल्या जंतूंना जागा उरत नाही. शिवाय आईचा हात एकाच बाळाला लागतो. चिकाचं दूध चार थेंब असलं तरी गालात सोडतात. आपण मात्र वर्षानुवर्षं आईलाच घाण समजून काचेबाहेर बसवलं, आणि आठ बाळांना हात लावणारी सिस्टर आत ठेवली.

संध्याकाळी निघताना बाहेरच्या बाकावर निलंग्याची आजी भेटली. तिच्या पिशवीत कोरा कागद, पेन, हळदकुंकू होतं. पाचवीची तयारी, त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. आत काही न्यायचं नाही, असं तिला सांगितलं होतं आणि तिनं वाद घातला नव्हता. "घरी नेल्यावर करू. महिन्यानं करू. यील की सटवाई, तिला काय गाडी पकडायचीय." मग आवाज उतरवून म्हणाली, "आज लेकीला बोलावणार हायत म्हणं, छातीशी द्यायला. भेतीय ती."

लेक शेजारीच बसली होती. दार अर्धवट उघडलं.

"चार नंबरची आई, हात धुऊन या."

ती उठली, बांगड्या एकेक करून उतरवून तिनं आईच्या पदरात टाकल्या आणि बेसिनकडे गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.